बंदूक विमानानं आणताना

ताम्हिणी, ता. मुळशी
१८ ऑगस्ट २०२५, श्रावणातला शेवटचा सोमवार

दिशाच्या आजोबांना,

रत्नाचा नमस्कार. हितं सगळी खुशाल हायेत. तुमची खुशाली फोनवर जेवढी कळते तेवढीच कळते. पाकिटावर तुमचं नाव शुभांगीनं घातलंय. सून माझी हसत होती, म्हणाली, आई, आता कोण बघतंय, लिवा की तुमीच. पण हात धजला न्हाई. एवढं वय झालं तरी न्हाई धजला.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुमी बोलता कुटं? "पाऊस कसा हाय, भात कसं हाय, बरं, ठेवतो." एवढं ऐकायला का मी पदराला हात पुसत पळत येते? पलटणीत होतात तवा कशी निळी निळी पत्रं धाडायचात, कडेला उभी ओळ लिवून जागा भरायचात. म्हणून म्हटलं आपण पत्रच लिवावं. पत्र काय मधीच कट करता येत न्हाई.

पाऊस हाय तो हायच, ताम्हिणीच्या पावसाचं मी तुमाला काय सांगू. कपडे चुलीवर वाळवतोय. लावणी वेळेत झाली. ढाब्यावर शनिवार-रविवार पाय ठेवायला जागा नसते. पुण्याची पोरं वल्ल्या कपड्यांनी खुर्च्यांवर बसतात, भजी खातात आणि भर रस्त्यात नाचतात. आपल्या इंद्रजितचा वरडून वरडून घसा बसलाय. शुभांगी भाकरी थापते, मी पिठल्यावर असते. दिशा गल्ल्याजवळ बसून बडीशेपेची वाटी सांभाळते आणि कुणालाच हात लावू देत न्हाई. तुमच्यावर गेलीय.

ढाबा म्हटल्यावर कपाळाला आठ्या घातल्यात ना? दिसतंय मला हितनं. पण एक सांगते. रस्त्याकडच्या तीन खाचरांतली दोनच भरून घेतली त्यानं. तिसरं, आंब्याखालचं, तसंच हाय. त्यात अजून भातच लावतो. गाड्या लावायला जागा न्हाई, लोक वाद घालतात, तरी त्याला हात लावत न्हाई. मी एकदा मुद्दाम म्हटलं, टाक की हितं पण टेबलं. तर म्हणाला, "ते आबांचं हाय." आणि गॅसकडं वळला. रानडुकरं येतात त्या भातात. हा पत्र्याचे डबे बडवत बसतो बांधावर. डुकरांना आता त्या डब्यांची सवय झालीय.

आता मुद्द्याचं. इंद्रजितनं तुमचं तिकीट काढलंय. विमानाचं. गुवाहाटीहून पुण्याला, २९ सप्टेंबर, म्हंजी खंडेनवमीच्या आधी तुमी घरात. मला न विचारता काढलं. मोबाईल माझ्यापुढं धरला आणि म्हणाला, "आई, तू कळव." स्वतः का न्हाई कळवत ते मी विचारलं न्हाई. तुमी दोघं एकाच मातीचे.

तुमी काय म्हणणार ते पण मला पाठ हाय. "बंदुकीचं काय करू?" दर बारीला तेच. रेल्वेनं यायचं तर बंदुकीपायी झोप न्हाई, पट्टा मनगटाला बांधून बसावं लागतं. मळ्यावर ठेवून यायची तर तुमचा जीव ऱ्हात न्हाई. विमानात भानगड, जाताना पुण्याच्या विमानतळावर तुमाला बाजूला घेतलं होतं. तिकडं चहाच्या मळ्यावर पहारा देता का त्या बंदुकीवर, तेच कळंना झालंय मला. लग्न माझ्याशी लावलं आणि संसार तिच्याशी. सवत बरी की, सवत निदान चुलीपाशी तरी बसली असती.

म्हणून यंदा सवतीच्या प्रवासाची चौकशी मी स्वतः करून आले. पौडाला शमशादकडं गेले होते. तीच, बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान, दिशाच्या बारशाला हिरवा चुडा घेऊन आली होती. तुमी नव्हता तवा. तिचा पोरगा शाकिर आता लोहगावच्या विमानतळावर सामानाच्या काउंटरला असतो. सुट्टीला घरी होता. मी म्हटलं, "शाकिर, माणसाला बंदूक घेऊन विमानात बसायचं असलं तर काय करावं लागतं?" तर शमशादच्या हातातली बशी पडायची ऱ्हायली. शाकिर म्हणाला, "मावशी, हळू बोला, रस्त्यावर ऐकू जाईल." मग नीट सांगितलं पोरानं. मी परत परत विचारलं, तो परत परत सांगत होता. तसं तुमाला सांगते.

बंदूक हातात घेऊन वर जाता येत न्हाई, ती सामानात द्यायची. टणक पेटीत, कुलूप लावून, चावी तुमच्याजवळ. लपवाछपवी करायची न्हाई, काउंटरला गेल्या गेल्या आपणहून सांगायचं की माझ्याकडं बंदूक हाय. परवाना अस्सल पायजे, झेरॉक्स चालत न्हाई, आणि तो तिकडं आणि हिकडं दोन्हीकडं चालणारा पायजे. तुमचा सगळ्या देशात चालतो, मला ठाऊक हाय, ते बुक मीच पुसून ठेवायची. निघायच्या आधी विमान कंपनीला कळवून ठेवायचं आणि विमानतळावर लवकर जाऊन बसायचं, कारण त्यांचा सिक्युरिटीचा माणूस येतो, बघतो, सही घेतो. बंदूक रिकामी हाय असं तुमी सांगायचं आणि ती उघडून त्यांना दाखवायची. काडतुसं असली तर ती वेगळी बांधायची, मोजकीच नेता येतात. बंदूक आणि काडतुसं एका जागी ठेवायची न्हाईत. हे शाकिरनं बोट दाखवून सांगितलं. "मावशी, सगळ्यात मोठी गोष्ट हीच हाय. दोन्ही एकत्र न्हाई पायजेत." मी म्हटलं, बाबा, हे तू मला सांगतोस व्हय?

पुण्यात उतरल्यावर पेटी बाकीच्या पिशव्यांबरोबर पट्ट्यावर फिरत न्हाई म्हणे, तुमच्या हातात देतात. सवतीचा केवढा मान! बाहेर इंद्रजित गाडी घेऊन उभा असंल. तो तसं म्हणाला न्हाई. पण गाडीचं सर्व्हिसिंग २९ च्या आधी करून घ्यायचं असं शुभांगीला सांगत होता.

तर आता बंदुकीचं कारण संपलं. दुसरं काय असलं तर सांगा.

रंभावन्सं परवा आल्या होत्या, तुमची बहीण हाय म्हणून गप ऱ्हाते मी. आल्या की एकच धरून बसतात. "वयनी, तू त्या दिवशी मधी का न्हाई पडलीस? बाप-लेकाच्या मधी आईनं पडायचं न्हाई तर कुणी?" मी चहा गाळत होते. गाळत ऱ्हायले. मी त्या नवमीचं काय काढत न्हाई. काढायचं असतं तर फोनवर काढलं असतं.

एवढंच सांगते, पाट आपण दर साली मांडतो. विळा, कोयता, नांगराचा फाळ, आता ढाब्याची मोठी सुरी पण असते. मधी बंदुकीची जागा. गेल्या नवमीला शुभांगीनं सगळं जरा सरकवून ती जागा भरून काढली, बिचारीला वाटलं मोकळं बरं दिसत न्हाई. इंद्रजित आला, बघितलं. कोयता उचलून परत कडेला ठेवला, फाळ दुसऱ्या कडेला. मधल्या मोकळ्या पाटावर एक झेंडू ठेवला. पूर्वी नळीत खोवायचा, तसा एकच. मग हळदकुंकू वाहिलं त्यानं त्या मोकळ्या लाकडाला. मी मागं उभी होते. मला बघवलं न्हाई.

अहो, मला तुमची आठवण येते. लिवलं बघा. फोनवर शुभांगी असते, दिशा असते, कसं म्हणायचं? सकाळी दोन कप चहा टाकते अजून. दुसरा नंतर मीच पिते, गार झाल्यावर. ह्या वयात असं वाटू नये म्हणतात. कोण म्हणतं त्याला एकदा ताम्हिणीत एकटं ठेवा पावसात.

वाट बघते असं लिवणार होते, पण तुमी म्हणाल रत्ना पिक्चरमधल्यासारखी बोलाया लागली. म्हणून ते लिवत न्हाई, तुमीच समजा.

तुमची
रत्ना


चहाचा मळा, आसाम
२ सप्टेंबर २०२५

सौ. रत्नास,

आशीर्वाद. पत्र मिळालं. मळ्याच्या साहेबांनी स्वतः आणून दिलं. पत्र बघून पयल्यांदा वाटलं कुणीतरी गेलं. मग पाकिटावर सूनबाईचं अक्षर आणि आत तुझं बघितलं आणि बाहेर जाऊन वाचत बसलो.

माझी तब्येत ठीक हाय. हितं पण पाऊस हाय, पण आपल्यासारखा न्हाई. मळ्याच्या खालच्या अंगाला हत्ती येऊन गेले. आवाज काढून हाकलले.

शाकिरनं सांगितलं ते बरोबर हाय. मला ठाऊक हाय, कारण त्या सगळ्यातनं मी एकदा गेलोय. अडचण नियमाची न्हाई. मी आजवर नियमाचं नाव पुढं केलं.

पुण्याच्या विमानतळावर त्या दिवशी काय झालं ते मी कुणाला सांगितलं न्हाई. काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, "काका, रिकामी आहे ना?" साधा प्रश्न. सगळ्यांना विचारतात. अर्धं आयुष्य पलटणीत हत्यार हाताळलं मी, पण माझ्या तोंडातनं व्हय निघंना. ती बघत ऱ्हायली. मागं लाईन थांबली. मग सिक्युरिटीवाला आला, बाजूला घेतलं, उघडून दाखवा म्हणाला. उघडली. आत काय नव्हतं. पण बंदूक उलटी केली तशा नळीतनं झेंडूच्या पाकळ्या टेबलावर सांडल्या. इंद्रजितनं खोवलेलं फूल. मी आदल्या दिवशी तशीच पेटीत घातली होती. सिक्युरिटीवाला हसला, पोरगी हसली. म्हणाली, "काका, पूजेची आहे का?" मी पाकळ्या गोळा करून खिशात घातल्या.

तुमी सगळे म्हणता, रागाच्या भरात झालं, बंदूक तर रिकामी होती. होतीच. आपल्या घरात बंदुकीजवळ काडतूस कधी नसतं, हे मला झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगीन. पण खाचरांवरनं आमचं वाजलं, तो म्हणाला, "तुमचं वय झालं, आता मी ठरवणार," आणि मी पाटावरनं ती उचलून त्याच्या छातीसमोर धरली, त्या वेळी मला ते आठवत नव्हतं. ती रिकामी हाय का भरलेली, मला खरंच ठाऊक नव्हतं, रत्ना. आणि माझं बोट चापावर होतं. पोटच्या पोरासमोर. सूनबाई पोटुशी, दारात उभी. म्हणून काउंटरवर व्हय म्हणता आलं न्हाई.

आणि रंभा विचारते तेच मी पण विचारतो. तू चुलीपाशी उभी होतीस, हातात परात होती. तू हललीसुद्धा न्हाईस. वरडली न्हाईस. मी तुझ्याकडं बघितलं होतं. मला वाटलं, रत्नाला कळून चुकलं हा कसला माणूस हाय. तिनं पण सोडला आपल्याला. त्यानंतर त्या घरात झोपायचं तोंड नव्हतं मला.

तिकीट मोडायला सांग इंद्रजितला. त्याच्यावर राग न्हाई म्हणावं. ढाबा चांगला चालवतोय असं रंभा पण म्हणते.

दिशाला शाळेत घालायच्या आधी कान टोचून घ्या.

आंब्याखालच्या खाचराचा डाव्या अंगाचा बांध गणपतीनंतर फुटतो. दर साली. बघायला सांग.

हैबतराव


ताम्हिणी
११ सप्टेंबर २०२५

अहो,

पत्र मिळालं. पयल्यांदा वाचून रडले. दुसऱ्यांदा वाचलं तवा राग आला. आता रागातच लिवतेय, अक्षराकडं बघू नका. पितृपंधरवडा चालू हाय, चांगलं काय करू नये म्हणतात, पण भांडायला काय हरकत नसंल.

सोडला म्हणे! तुमाला सोडायचं असतं तर तुमी घोरता त्याच्यावरनंच कधी सोडलं असतं.

मी का उभी ऱ्हायले सांगू? मी ह्या घरात आले त्या साली तुमच्या आईनं माझ्या हातात दोन गोष्टी दिल्या. एक दुधाचं भांडं आणि दुसरा काडतुसांचा डबा. म्हणाल्या, "ह्या घरात बंदूक बाप्याची आणि काडतुसं बाईची. मामंजींपासनं असंच हाय. तो मागंल तवा आधी विचारायचं, कशाला? मग द्यायची." तुमी पण मागायचात. भात पोसवायला लागलं की डुकरं यायची, मग दारात उभं ऱ्हाऊन म्हणायचात, "रत्ना, दे दोन." मी म्हणायची, "कशाला?" "डुकरं." मग मी पेटी उघडायची. एकदा जत्रेतनं पिऊन आलात आणि मागितलीत, तवा मी दिली न्हाईत आणि उशी घेऊन पेटीवरच झोपले. आठवतंय का? सकाळी तुमी मलाच चहा करून दिला होता.

त्या नवमीला सकाळी बंदूक मी पुसली होती. दर साली मीच पुसते, बाप्यांना नळी साफ करता येत न्हाई. उघडली, दाराकडं तोंड करून नळीतनं बघितलं. दोन्ही नळ्यांतनं अंगणातली तुळस दिसली. मग पाटावर ठेवली, मग इंद्रजितनं फूल खोवलं. डबा पेटीत, पेटीला कुलूप, चावी माझ्या कमरेला. तुमी बंदूक उचललीत तवा माझा हात परातीखाली चावीवर होता.

तुमी विसरलात ना? विसरा. मी विसरले नव्हते. अहो, मी मधी कशाला पडायचं? मी आधीपासनंच मधी होते. तुमची आई पण मधी होती, तुमची आजी पण. उलट मी वरडले असते, मधी धावले असते, तर पोराला वाटलं असतं खरंच भरलेली हाय. त्याला जन्मभर तेच दिसलं असतं. म्हणून मी परात घेऊन उभी ऱ्हायले. चावीचे दात तळहातात रुतले होते, ते तुमाला परातीखाली दिसले न्हाईत.

हे आधी का न्हाई बोललीस, म्हणाल. मला वाटलं तुमाला ठाऊक हाय. घरातली एवढी जुनी गोष्ट, ती कोण बोलून दाखवतं? आणि खरं सांगू? मी रुसले होते. दुसऱ्या दिवशी तुमी बंदूक पेटीत घातलीत तवा मी कमरेची चावी सोडून हातात घेतली होती. म्हटलं आता दारात येतील, म्हणतील, "रत्ना, दे." मग मी म्हणीन, "कशाला? कुटं चाललात?" मग बोलणं निघंल, मग मी तुमाला धरीन. तुमी मागितलीच न्हाईत. काडतुसांशिवाय बंदूक घेऊन निघून गेलात, सोनं पण न वाटता. मला वाटलं, माझ्याशी बोलायला लागू नये म्हणून न्हाई मागितली. आणि तुमी तिकडं बसून समजताय रत्नानं सोडलं. काय म्हणायचं आपल्याला आता?

डबा अजून पेटीत हाय, लग्नातल्या शालूखाली. चावी कमरेलाच हाय.

तुमचं पत्र मी इंद्रजितला वाचून दाखवलं. तुमाला आवडणार न्हाई, ठाऊक हाय. ढाबा बंद करून वर आला होता, खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, "आई, मला पण ठाऊक नव्हतं रिकामी हाय का. मला फक्त ते फूल दिसत होतं." आणि उठून फावडं घेऊन पावसात गेला. मी म्हटलं आता हा कुटं चालला? आंब्याखालच्या खाचराला गेला होता. परत आला तो कमरेपर्यंत चिखल. म्हणाला, "डावा बांध फुटायलाच आला होता. आबांना कसं कळलं?" मी म्हटलं, "तूच विचार त्यांना." तर म्हणाला, "विचारतो. तिकीट मोडत न्हाई म्हणून कळव." मग न्हाणीघरात गेला, लई वेळ आंघोळ करत होता. पाण्याचा आवाज मोठा ठेवला होता त्यानं.

दिशाला सांगितलं आजोबा विमानानं येणार. ती विचारते, आजोबा खिडकीतनं ताम्हिणी ओळखतील का? शुभांगी म्हणाली, सगळीकडं ढग दिसतात ते आपलं गाव. कान टोचायचं तुमी आल्यावर करू. तुमच्या मांडीवर बसंल ती, माझ्या मांडीवर लाथा मारते.

आता परत विमानाचं. तुमाला बंदूक नसली आणायची तर नका आणू. शाकिरला परत फोन केला होता, तो म्हणाला, तिकडं परवानेवाल्या बंदुकांच्या दुकानात जमा करून पावती घेता येते. मला तिचं काय कौतुक न्हाई. पण आणणार असाल तर त्या काउंटरवर परत विचारतील, रिकामी आहे का. अडखळू नका. बेधडक सांगा, व्हय, रिकामी हाय, काडतुसं बायकोच्या पेटीत हायेत. न्हाई, थांबा, तसं नका सांगू. शाकिर म्हणाला, मावशी, काका असं बोलले तर विमान सोडून चौकशीला बसवतील. नुसतं व्हय म्हणा. तुमाला ठाऊक नसलं तरी म्हणा, मला ठाऊक हाय.

ह्या पाकिटावर तुमचं नाव मीच लिवणार हाय. शुभांगीला सांगितलं, तू सर बाजूला. हैबतराव. बघा, हितं पण लिवलं.

आलात की दारात उभं ऱ्हा आणि म्हणा, "रत्ना, दे." मी विचारीनच, "कशाला?" काय सांगायचं ते विमानात बसून ठरवा, वेळ लई असतो म्हणे.

चावी कमरेला बांधून बसलेली,
रत्ना